साइडकारच्या मागच्या चाकाले कारचा टायर?

धंतोली_बुलेट: जुन्या बुलेटले साइडकार लावली आहे. मागचा टायर मधोमध घासून सपाट होते. त्यात आपले सिमेंटचे रोड अन् मे महिन्यातली ४५ डिग्री! १९ इंची तारांच्या रिमवर कारचा टायर बसते का भाऊ?

गॅरेजभाऊ: त्या रिमवर नाही. बाइकच्या रिमची कड वेगळी असते, टायर धड बसत नाही. कारची १५ इंची रिम हबले (चाकाच्या मधल्या भागाले) जुळवून घ्या. पण आधी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) अन् चेनजवळची जागा मापा. जागा नाही तं विषयच संपला. मारुती ८०० चं १२ इंची चाक तं नकोच, मागून गाडी बसते, गिअरिंग बदलते.

रामटेक_रायडर: साइडकारवाली गाडी वळणावर झुकत नाही, म्हणून कारचा सपाट टायर चालते. साइडकार काढून फिराल तं वळताना टायर कडेवर येईल, बाप्पा! अन् आरटीओत विचारून घ्या, गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.