मदत हवी आहे: .३६ ठासणीच्या रायफलीत कागद गुंडाळलेली लांब गोळी आडवी होतेय

नमस्कार मंडळी,

ठासणीच्या बंदुकांचा अनुभव असलेलं कुणी इथे असेल तर जरा डोकं लावा.

रायफल टोपीवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर) उडणारी, .३६ कॅलिबर, म्हणजे नळी आतून साधारण ९.१ मिमी. पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांचा वळसा, ४८ इंचांत एक वेढा. खाचा खोल, पाव मिमीच्या आसपास. नळी गोल गोळीसाठीच कापलीय हे उघड आहे, आणि मेण-चरबी लावलेल्या चिंधीतून गोल गोळी ती छान मारते. पण ती गोळी जेमतेम सव्वाचार ग्रॅमची. जरा वारा सुटला की भरकटते, म्हणून लांब गोळीची खाज सुटली.

सध्या वापरतोय ती शुद्ध मऊ शिशाची गोळी, १५ मिमी लांब, पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास, अंगावर एकही चर नाही. कागद सुती, पातळ. एक थर ०.०५ मिमी. दोन वेढे घेतले की व्यासात ०.२ मिमीची भर पडते. कागदाची टोकं तिरकी कापतो, म्हणजे वेढा संपतो तिथे ती एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात. ओला करून गुंडाळायचा आणि शेपूट बुडाखाली दुमडायची. वाळला की अंगाला घट्ट बसतो. गुंडाळलेली गोळी ९.०५ मिमी भरते, गजाच्या हलक्या दाबाने खाली जाते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये नमद्याची चकती. प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं फिरवतो, नाहीतर काजळीत कागद अडकून फाटतो.

आता रडगाणं. ५० मीटरवर बरीचशी भोकं लांबुळकी, काही ठिकाणी तर गोळीची अख्खी कूस छापलेली, म्हणजे गोळी हवेत आडवी होतेय.

पहिला संशय अर्थातच कागदावर. नळीच्या तोंडापुढे पडलेले कपटे गोळा करून भिंगाखाली पाहिले. बरेचसे उभ्या पट्ट्यांत सरळ चिरलेले, म्हणजे कागद गोळीवरून वेळेत सुटतोय. पण काहींची एक कड करपलेली आहे. माझ्या मते खोल खाचा पुरत्या भरत नाहीत आणि तिथून गरम वायू पुढे निसटतो.

तरी मुख्य दोष मी पिळालाच देतो. गोळीच्या लांबीला किती पीळ लागतो ते सांगणारं ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र लावून पाहा: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. १५ मिमी गोळीला सुमारे ८३० मिमीत एक वेढा लागतो, म्हणजे ३२-३३ इंच. माझ्याकडे ४८. उलट हिशेब केला तर ही नळी फार तर १० मिमीची गोळी सांभाळेल. इंग्लिश बंदूककार व्हिटवर्थने लांब गोळीच्या आपल्या .४५१ रायफलीला २० इंचांचा पीळ उगाच नव्हता दिला!

‘दारू वाढव’ हा सल्ला मिळून झालाय, कृपया तो नको. वेग वाढल्याने गोळी स्थिर होण्यात फारसा फरक पडत नाही, आणि दुप्पट वजनाच्या गोळीमागे दाब आधीच जास्त असतो. बिनधुराच्या दारूचा तर विषयही नको. शिवाय ही सैल बसणारी गोळी नळी खाली झुकली की पुढे सरकू शकते. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगायची. म्हणून गजावर खूण केलीय आणि बार काढण्याआधी ती पाहतोच.

तर प्रश्न असा, की १० मिमीची बुटकी गोळी ओतून घेण्यात अर्थ आहे का? वजन साडेपाच ग्रॅमच्या आतच राहील, मग वाऱ्यात गोल गोळीपेक्षा असा कितीसा फायदा? आणि एवढ्या खोल खाचांत तिचं बूड पसरून बसेल का, की जाड कागदाचा एकच वेढा बरा?

दुसरा पर्याय जुन्या अमेरिकन नेमबाजांचा: निमुळती पिकेट गोळी, तीही कापडाच्या चिंधीत. ती आखूड असल्याने मंद पिळात चालायची म्हणतात. पण भरताना केसभर वाकडी गेली तरी नेम गेला. म्हणूनच अल्व्हन क्लार्कने (हो, तोच, दुर्बिणींची भिंगं घासणारा) १८४० मध्ये सुट्या खोट्या तोंडाचं (गोळी सरळ भरण्यापुरता नळीच्या तोंडावर बसवायचा तुकडा) पेटंट घेतलं. माझ्या नळीला तसं तोंड नाही. नुसत्या टोकाच्या आकाराची खोबण असलेल्या सोंगटीने गोळी सरळ बसवून कुणी पिकेट मारलीय का? मारली असेल तर गोळीची लांबी, खाचांची खोली आणि पीळ तेवढा सांगा.