मदत हवी आहे: १५ वर्षं झालेल्या सातआसनी गाडीचं पासिंग, डिचोली

नमस्कार मंडळी. आमची सातआसनी गाडी ऑगस्ट २०११ची. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) १५ वर्षांची मुदत संपत आली आहे. खासगी गाडीचं पासिंग (तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण) १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी, टॅक्सीसारखं सारखं-सारखं नाही, एवढं माहीत आहे. फॉर्म २५ भरायचा आणि अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा, हेही समजलं. विमा, पीयूसी चालू आहे.

खरी काळजी पत्र्याची आहे. काल मधल्या सीटखालचं रबरी मॅट उचललं, तर खाली ओल आणि गंजाचे पापुद्रे. बोटाने दाबलं तर एका जागी पत्रा आत गेला. गोव्याचा पाऊस, दुसरं काय! गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावरही गंज चढलाय, शेवटचे दोन आकडे नीट लागत नाहीत. घासायला भीती वाटते, आकडेच गेले तर?

याच गाडीतून आई-बाबा आणि मुलांना घेऊन आम्ही चोर्ला घाटातून बेळगावला जातो. त्यामुळे कसंतरी पास करून घेण्यात मला रस नाही, गाडी खरंच सुरक्षित हवी.

कोणी अलीकडे असं पासिंग केलं आहे का? पत्रा वेल्डिंग करून आधी दाखवावा की तपासणीनंतर? नंबर अस्पष्ट असेल तर काय करतात? डिचोली-म्हापसा भागात पत्र्याचं काम मन लावून करणारा कोणी असेल तर कृपया सांगा. चतुर्थीला सगळे घरी येतात, त्याआधी हे व्हायला हवं.