महामारीत रिकाम्या स्टेडियममध्ये सामने खेळवावेत का?

शेवटचा_चेंडू: १६ मे २०२० ला जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी डॉर्टमुंड-शाल्के सामना पाहिला. ४-० ने जिंकल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू नेहमीच्या स्टँडसमोर गेले आणि रिकाम्या पायऱ्यांना अभिवादन करून आले. मला तर गलबलून आलं. प्रेक्षकच नसतील तर हा खटाटोप कुणासाठी? तुम्हाला काय वाटतं?

गुगली: टीव्हीच्या पैशासाठी, दुसरं काय! पण त्याच पैशावर मैदान राखणाऱ्यापासून फिजिओपर्यंत सगळ्यांचे पगार चालतात. त्यामुळे मी तरी नाकं मुरडणार नाही.

नाईट_वॉचमन: खरा मुद्दा बंदिस्तपणा किती कडक, हा आहे. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, २२ संघ ऑर्लँडोत एकाच आवारात ठेवले, सतत चाचण्या केल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये स्पर्धा पूर्ण केली. उलट आयपीएल २०२१ मध्ये शहरं बदलत सामने झाले. प्रेक्षक नव्हते, तरी बबलमध्ये (म्हणजे खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलेल्या कड्यात) संसर्ग शिरलाच आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली. नुसती दारं लावून भागत नाही.

शेवटचा_चेंडू: हे पटलं. पण बाहेर लोकांना चाचणी मिळायची मारामार असताना खेळाडूंची वरचेवर तपासणी? ते मात्र अजून खटकतं.

गुगली: खटकायलाच हवं. (आणि ते रेकॉर्ड केलेले टाळ्यांचे आवाज तेवढे बंद करा रे!)