मदत हवी आहे: तयार फियाट घ्यावी की गोठ्यातली उभी करावी?

नमस्कार मंडळी,

फियाट ११०० डिलाइट घ्यायचीय, पद्मिनी हे नाव लागायच्या आधीची. समोर दोन गाड्या आहेत आणि डोकं चालेनासं झालंय.

एक मुंबईतली, तयार. मालक साडेचार लाख सांगतोय. क्रोम चकाचक, आत नवं रेक्झिन, स्टीअरिंगवरचा गिअर अलगद पडतो. काम चालू असतानाचे फोटो मागितले, तर "मेकॅनिककडे असतील, पाठवतो" म्हणाला. अजून आलेले नाहीत.

दुसरी १९६८ची, कराडजवळ चुलत सासऱ्यांच्या गोठ्यात. ते गेले, तेव्हापासून उभीच. काकूंना पैसे नकोत, फक्त गाडी भंगारात जाऊ नये एवढंच म्हणणं. चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलली तर इंजिन फिरतं, म्हणजे जाम नाही. मागच्या सीटवर कोंबडीने संसार थाटलाय, तेही चालेल. पण ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर थेट सारवलेली जमीन दिसली! दारांखालच्या पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला. आरसी बुक आहे, अर्थात काकांच्याच नावावर.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच तीन लाखांत करून देतो म्हणून सांगितलं. न बघता सांगितलं हीच धास्ती.

सौ.चं मत: तयार घ्या, निदान या जन्मी बसायला मिळेल.

पत्रा इतका गेला असेल तर नाद सोडावा का? आणि कागदपत्रांचं काय?

प्रतिसाद १

दादा, इंजिनाचं टेन्शन घेऊ नका. १०८९ सीसीचं साधं मशीन आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३पर्यंत धावत होत्या, त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर आपल्या नाना पेठेत शोधले की मिळतात. रडवतात ते डिलाइटचे ग्रिल, मागचे दिवे, बीडिंग. ते गाडीवर आहेत का ते आधी बघा आणि काढून घरात ठेवा.

खरा खर्च पत्र्याचा. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडीवरच सगळा भार. फ्लोअर आणि दाराखालची पेटी दोन्ही गेलेली असताना नुसती ठिगळं मारून भागत नाही. दारं जागेवर ठेवून, आतून आडवे आधार वेल्ड करून मगच कापायचं. नाहीतर बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. हे गॅरेजवाल्याला विचारा. तो गडबडला तर तिथून निघा.

मुंबईच्या गाडीला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीला. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय. रॅम्पवर चढवून खालून बघा. फोटो नसतील तर पत्र्याचं काम झालेलंच नाही असं मी तरी धरतो.

प्रतिसाद २

कागद आधी. मालक हयात नसल्याने फॉर्म ३१ (गाडी वारसाच्या नावावर करायचा आरटीओचा अर्ज) लागेल, शिवाय बाकी वारसांची ना हरकत. ती गोड बोलून आत्ताच घ्या, गाडी चमकल्यावर सगळ्यांना काका आठवतात.

२०२१च्या नियमाने ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आधीपासून नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिका आणि २० हजार फी. पण मग रोजच्या वापराला बंदी, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती वगैरे. सौ.ना रोज फिरवायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका, साधं पुनर्नोंदणीकरण करा.

मुंबईच्या गाडीचा इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघितलात का?

धागाकर्ता

नाही बघितला! रविवारी चुंबक घेऊनच जातो. वारसांत एक चुलत मेहुणे दुबईला आहेत, त्यांच्याशी काकू बोलतील. तोवर कराड-सातारा भागात असं आधार लावून पत्र्याचं काम करणारा जुना मिस्त्री कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.