सगळ्याच काउंट्या ओसाड नाहीत

अमेरिकेच्या मिडवेस्टच्या, म्हणजे मध्य-पश्चिम भागातल्या, शेतीच्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आता फक्त म्हाताऱ्यांच्या उरल्या, असं म्हटलं जातं. आयोवा राज्यातल्या पोकाहोंटस काउंटीपुरतं ते मान्य: २०१० मध्ये ७,३१० माणसं, २०२० मध्ये ७,०७८. पण तिला अगदी खेटून असलेली आयोवाचीच ब्वेना व्हिस्टा बघा. तिथे त्याच दहा वर्षांत २०,२६० वरून २०,८२३. मका-सोयाबीन दोन्हीकडे तेच. फरक स्टॉर्म लेक गावातल्या डुकराच्या आणि टर्कीच्या मांसाच्या कारखान्यांचा. तिथे राबायला आधी लाओसचे निर्वासित आले, मग मेक्सिकोतली कुटुंबं, आणि शाळांचे वर्ग पुन्हा भरले. गंमत म्हणजे काउंटीला नाव आहे ते १८४७ साली मेक्सिकोविरुद्ध झालेल्या लढाईचं! काम मात्र अंग मोडणारं आहे, हेही खरं.