बाबांची कामट्यांची चांदणी जमत नाहीये, मदत हवी

नगरची लेक:
नमस्कार मंडळी. माहेर नगरचं, आता पिंपरीत राहते. आमचे बाबा शिंपीकाम करायचे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी उपासनेहून आले की कपडे बदलून थेट अंगणात बांबूच्या कामट्या घेऊन बसायचे. नाताळात लावायची, पाच टोकांची, दोन्ही बाजूंनी फुगीर चांदणी. मी दोरा धरायला, धाकटा भाऊ खळ ढवळायला. आई खळीत चिमूटभर मोरचूद घालायची, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत, आणि आम्हाला हात धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

दिवा लावण्याआधी बाबा बायबलमधला मत्तयाचा दुसरा अध्याय वाचायचे. बाळयेशूला शोधत पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांपुढे, म्हणजे ज्ञानी लोकांपुढे, चाललेला तारा बाळ होतं त्या जागेवर येऊन थांबला, या ओळीशी तेही थांबायचे. म्हणून आमची चांदणी कधी गच्चीवर गेली नाही. ती दाराच्या चौकटीवरच. ज्याला यायचं त्याला दार दिसलं पाहिजे, असं बाबा म्हणत.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही नाताळांना बाजारातली प्लॅस्टिकची चांदणी लावली. यंदा आई एवढंच म्हणाली, "तुझ्या लेकाला शिकवशील का?" आणि मला कळलं की दोरा धरण्यापलीकडे मला काही येत नाही.

दोनदा करून पाहिली. सांगाडा पिळवटतो, एक टोक वर उचललं जातं. आणि पतंगाचा कागद ताणून चिकटवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी टरकन फाटतो. माळ्यावर बाबांची एकच जुनी कामटी सापडली. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. त्या कशाच्या असतील?

कंदीलवाले काका:
ताई, मी दिवाळीचे आकाशकंदील करतो, चांदणीचंही गणित तेच. त्या खुणाच तुमचं उत्तर आहे. चांदणीत प्रत्येक कामटी दुसऱ्या दोन कामट्यांना ओलांडते. ती ओलांडायची जागा दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर यावी लागते. कामटी ३६ इंचांची असेल तर दोन्हीकडून पावणेचौदा इंचांवर खूण. मधे साडेआठ इंच उरतात. खुणा न करता अंदाजाने बांधलं की पाचवी कामटी जबरदस्तीने बसवावी लागते आणि सांगाडा पिळतो.

पाच-पाच कामट्यांच्या दोन सपाट चांदण्या करा. कामट्या एक वरून, एक खालून अशा विणून घ्या. दोन्ही चांदण्यांची पाच टोकं एकमेकींना घट्ट बांधा. मग आतल्या पाच सांध्यांत सहा-सात इंचांचे तुकडे उभे अडकवा, की ती फुगते. तुकडे सगळे एका मापाचे हवेत, अर्धा इंचही कमीजास्त नको. आणि कामट्या घेताना पेरं नसलेल्या घ्या. पुण्यात असाल तर बुरूड आळीत निवडून मिळतील.

वसईचा घरचा माणूस:
कागदाचं मी सांगतो. ताणू नका. आमच्याकडे वसईत रात्री दव पडतं, कागद सैलावतो, उन्हात पुन्हा आक्रसतो. आधीच ताणलेला असला तर तेव्हाच फाटतो. खळ पातळ करा, कागद नुसता टेकवा, सावलीत वाळू द्या. एक पाकळी शेवटी चिकटवा, दिवा आत घालायला. दिवा एलईडीचाच घ्या. पूर्वीचा साठ वॅटचा बल्ब कागदाला टेकला की काय होतं ते आमच्या ओट्यावर एकदा पाहिलंय.

आमच्याकडे चांदणीइतकाच जीव गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, असतो. १२-१३ डिसेंबरला माझी आई ताटलीत नाचणी पेरते, नाताळापर्यंत बोटभर हिरवळ उगवते, तीच गोठ्यातलं कुरण. गव्हाण मात्र रिकामी असते. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर घरातलं सगळ्यांत लहान पोर बाळयेशूला तिथे ठेवतं. तुमच्या लेकाला नाचणी पेरायला द्या, रोज सकाळी उठून बघेल.

नगरची लेक:
काका, दादा, काल रात्री दोघांचंही आईला वाचून दाखवलं. मग बाबांचाच टेप काढला. कामटी बरोबर ३६ इंच. खुणा दोन्हीकडून पावणेचौदावर. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. हे माप त्यांनी कुठून काढलं ते आईलाही ठाऊक नाही. "कापड वाया न घालवता बेतणारा माणूस होता," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ ती कामटी हातात धरून बसली.

आज लेकाने नव्या नऊ कामट्यांवर खुणा केल्या. दहावी कामटी बाबांची, अजून चिवट आहे. सांगाडा सपाट बसलाय, एकही टोक उचललेलं नाही. कागद उद्या. टोकं पांढरी, मधला भाग लाल, बाबा करायचे तशीच, हे आईने आधीच बजावलंय. नाचणी ताटलीत भिजतेय. शनिवारी चौकटीवर खिळा ठोकायचा आहे, मत्तयाचा अध्याय लेक वाचणार आहे.