लिफ्ट बंद ठेवताना आधी सांगा

संदीप (बी-३०२): सेक्रेटरी साहेब, लिफ्ट सर्व्हिसिंगला बंद राहणार हे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकायला काय हरकत होती? अनिता कॅन्सरचं रेडिएशन घेऊन आली आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसली. मी ऑफिसात. वॉचमन मामांनी खुर्ची आणून दिली म्हणून निभावलं.

पाटील काका (सेक्रेटरी): नोटीस शनिवारीच बोर्डावर लावली होती.

संदीप: काका, बोर्ड पार्किंगच्या आतल्या भिंतीवर. रिक्षा गेटवर सोडते. तिनं कधी वाचायचं?

चौगुले अण्णा (ए-१०१): बी विंगच्या ७ जणांचा मेंटेनन्स थकलाय. लिफ्टवाल्याला पैसे कुठनं द्यायचे ते आधी सांगा.

संदीप: माझा भरलेला आहे अण्णा.

शोभा काकू (बी-२०१): संदीप, राग मानू नकोस. पण परवा संध्याकाळी अनिता खाली चालताना दिसली. मग जिना का जमू नये, एवढंच विचारते. तिला म्हणावं, पडून राहा. अंगात ताकद भरेल.

संदीप: काकू, हेच ऐकून ऐकून ती रडकुंडीला आली आहे.

प्राजक्ता ताई (ए-३०४): काकू, मी नर्स आहे, कॅन्सरचे पेशंट सांभाळलेत, म्हणून बोलते. आपण दमलो तर रात्रभर झोपून सकाळी ताजे होतो. यांचं तसं नसतं, झोपून उठल्यावरही अंग जड ते जडच. उपचारांचा परिणाम असतो, त्यात रक्त कमी झालेलं, झोप मोडलेली, खाणं तुटलेलं, दुखणं, मनाला घोर. दिवसभर पडून राहिलं तर स्नायू आणखी ढिले पडतात आणि थकवा वाढतो. म्हणून झेपेल तेवढं रोज चालायला सांगतात. तिचं संध्याकाळचं चालणं हा औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे. रेडिएशनहून आल्या आल्या तीन मजले चढणं ही वेगळी गोष्ट.

ओंकार (ए-२०२): वहिनींना पांढरा रस्सा पाठवू का? त्यानं माणूस उठून बसतंय बघा 😄

चौगुले अण्णा: मला तांबडा पाठव. आणि बी विंगच्या ७ जणांचं काय झालं?

मीना वहिनी (बी-१०४): अण्णा, विषय काय चाललाय!

प्राजक्ता ताई: ओंकार, आधी विचार. काहींना मटणाचा वाससुद्धा सोसत नाही. चालत असेल तर ताजा, गरम आणि मिरी बेतानं.

शोभा काकू: आमच्याकडं लोहाच्या गोळ्या आहेत, पाठवू? आणि रंकाळ्याला रोज एक चक्कर मारली तर मोकळं वाटेल.

प्राजक्ता ताई: गोळ्या नकोत काकू. रक्त कशानं कमी झालंय ते बघून डॉक्टर ठरवतील. रंकाळ्याची अख्खी चक्कर आत्ता फार होईल. आवारातच १० मिनिटं, झेपलं तर थोडं जास्त.

संदीप: थोडं सांगतो, म्हणजे गैरसमज नको. ती चपात्या स्टुलावर बसून लाटते, चौथीला हात थांबतात. उरलेल्या मी करतो. सकाळचे दोन तास तिला बरं वाटतं, ते ती पोरीच्या अभ्यासासाठी राखून ठेवते. तेव्हा बेल वाजली तरी दार उघडत नाही. हळदीकुंकवाला आली नाही म्हणून जे बोललं गेलं, ते आमच्यापर्यंत आलंय.

शोभा काकू: मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

मीना वहिनी: राहू दे आता ते. संदीप भाऊजी, दुपारी पोरीला स्कूलबसवरून मी आणत जाईन. रोज विचारू नका, धरूनच चाला.

पाटील काका: रेडिएशनची वेळ काय असते?

संदीप: सोमवार ते शुक्रवार. ११ ला जाते, दीडपर्यंत परत. अजून तीन आठवडे.

पाटील काका: लिफ्टवाल्याला ४ नंतर यायला सांगतो. नोटीस आता ग्रुपवरही येईल.

प्राजक्ता ताई: काका, तीन आठवड्यांनी सगळं पूर्ववत होईल असं धरू नका. रेडिएशनचा थकवा साठत जातो, शेवटी शेवटी जास्त. नंतरही काही आठवडे राहतो, कुणाला काही महिने.

चौगुले अण्णा: ४ नंतर आला तर जादा पैसे मागंल तो. आणि बी विंगच्या ७ जणांचा मेंटेनन्स...

पाटील काका: अण्णा, जादाचे मी देतो. थांबा आता.

अनिता (बी-३०२): सगळं वाचतेय. शोभा काकू, ६ ला चालायला सोबत याल का? बोलणं मात्र तुम्ही करायचं, मला दम लागतो.

शोभा काकू: येते गं बाई. जिन्याचं मी उगाच बोलले.

सचिन (सी-४०१): ताई, गडहिंग्लजला बहिणीच्या सासूबाईंची केमो चालू आहे. केमोनंतर तीन-चार दिवस उठवत नाही, मग जरा बरं. घरचे म्हणतात, हे असंच असतंय.

प्राजक्ता ताई: केमोनंतरचे दिवस जड जातात हे खरं, पण डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. पेशंट विचारल्याशिवाय बोलत नाहीत. रोजचा थकवा ० ते १० मध्ये किती, ते वहीत लिहायला सांग आणि वही पुढच्या तारखेला घेऊन जा. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासतील, त्यात काही निघालं तर उपाय आहे. दुपारी अर्धा तासच झोपू द्या, नाहीतर रात्र जाते. आणि सचिन, ताप १००.४ झाला तर थकव्यानं आला असेल म्हणून घरी थांबायचं नाही. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. बहिणीला आत्ताच फोन कर, घरात थर्मामीटर आहे का विचार.